धाप कशाची?



"डॉक्टर, जिना चढला की धाप लागते." छातीच्या ओपीडीत सकाळपासून हे वाक्य कानावर पडत असतं. त्यापाठोपाठचा प्रश्नही ठरलेला, "हार्टचं तर नाही ना?" कधी ते हृदयाचं असतं, कधी फुप्फुसाचं, कधी दोन्हींचं. आणि कितीतरी बायकांच्या बाबतीत तर अंगात रक्तच कमी असतं. नुसतं ऐकून हे ठरत नाही, म्हणून तपासण्या.

हृदयाच्या तपासण्या आता बहुतेकांना माहीत आहेत. कार्डिओग्राम पाच मिनिटांत निघतो, पण तो आडव्या पडलेल्या माणसाचा आणि तेवढ्या काही सेकंदांचा. चालताना ज्याची छाती भरून येते, त्याचाही पडल्यापडल्या नॉर्मल येऊ शकतो. म्हणून मग स्ट्रेस टेस्ट. तिथे सरकत्या पट्ट्यावर चालवतात आणि दर ३ मिनिटांनी त्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात. टू-डी इकोत झडपा आणि हृदयाचं पंपिंग दिसतं.

फुप्फुसाची तपासणी मात्र मागे राहते. छातीचा फोटो काढला, स्वच्छ आला, की विषय संपला! फोटोत न्यूमोनिया दिसेल, क्षय दिसेल, पाणी दिसेल. श्वासनळ्या अरुंद व्हायला लागल्या आहेत, हे त्यात सुरुवातीला दिसत नाही. ते कळतं फुंकर मारून, म्हणजे स्पायरोमेट्रीने. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने हे यंत्र १८४६ साली मांडलं, कार्डिओग्रामच्या अर्धशतकभर आधी. तरी आपल्याकडे चार कार्डिओग्राम फाइलला लावलेला पेशंट एकदाही फुंकलेला नसतो.

मागे एक आजी आल्या होत्या. विडीला कधी हात लावलेला नाही, पण जन्म चुलीपुढे गेलेला. तंत्रज्ञाने नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "फुंका!" आजींनी सवयीने हळू, लांब फुंकर घातली. "आजी, जोरात!" नळी बाजूला करून त्या म्हणाल्या, "एवढं जोरात फुंकलं तर राख डोळ्यांत जाती, बाळा." फुंकणीचा अनुभव त्यांना आमच्यापेक्षा जास्त, बोलणार काय? इथे मात्र छातीभर श्वास घेऊन तो एका झटक्यात सोडायचा आणि छाती रिकामी होईपर्यंत, निदान ६ सेकंद, सोडतच राहायचा. त्यातली ७० टक्के हवासुद्धा पहिल्या सेकंदात बाहेर आली नाही, तर नळ्यांत अडथळा आहे. मग पंपाचं औषध देतात आणि पंधराएक मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. चांगला फरक पडला तर दम्याकडे बोट जातं. अडथळा तसाच राहिला तर सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराकडे. आजींचा तसाच राहिला.

धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार होतो, आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर मांडलं. तरीही बाईला धाप लागली की "वयच झालं आता" म्हणायची आपली रीत काही सुटत नाही.

उपचार म्हणजे मुख्यतः पंप. तो म्हटला की तोंडं उतरतात : "सवय लागेल, त्यापेक्षा गोळी द्या." आता हिशेब बघा. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाची एक फवारणी १०० मायक्रोग्रॅमची. म्हणजे एका गोळीत ४० फवारण्यांचं औषध, आणि ते सगळ्या अंगभर फिरणार. हात थरथरतात, छाती धडधडते, ती बहुधा गोळीने.

एक गोष्ट मात्र वेगळी. छातीवर दडपण आलं, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर तपासण्यांची यादी करत बसू नका आणि "गॅस असेल" म्हणून सोडाही पिऊ नका. १०८ ला फोन करा. अशा माणसाचा कार्डिओग्राम रुग्णालयात पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, जितकी लवकर तितका हृदयाचा स्नायू वाचतो.

बाकीच्यांनी येताना जुने कार्डिओग्राम जरूर आणावेत. नव्यातला बदल जुन्याशेजारी ठेवूनच कळतो. तो कागद काही महिन्यांत पुसट होतो, तेव्हा लगेच झेरॉक्स काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने तो कागद काळा पडतो.