डास उडण्याआधी



आपला गेवराई तालुका कापसाचा. पावसाळा लागला की घरोघरी कीटकनाशकाच्या बाटल्या येतात. रानात मारून उरलेलं औषध वाया कशाला घालवायचं, म्हणून कुणी ते ढेकणांसाठी बाजेवर मारतं, कुणी झुरळांसाठी मोरीत. हात जोडून सांगते, हे करू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तेही मोकळ्या रानात. घरात तर लेकरं रांगतात, बोटं तोंडात घालतात.

डासांचं घ्या. नळाला रोज पाणी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून आपण हौद, बॅरल, रांजण भरून ठेवतो. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. मात्र नुसतं पाणी ओतून दिलं म्हणजे झालं, असं नाही. अंडी पाण्याच्या कडेनं भांड्याला आतून चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. तेव्हा बॅरल आतून काथ्यानं खसाखसा घासा, उन्हात वाळवा, मग भरा आणि तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं आवळून बांधा. कूलर आणि दारातलं जुनं टायरही विसरू नका. मोठा हौद उपसता येत नसेल तर आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा, ते अळ्या खातात. पण ते ओढ्यात किंवा गोदावरीत सोडू नका, तिथल्या देशी माशांना त्यांचा त्रास होतो. धुराच्या फवारणीनं फक्त उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

रात्री कानाशी गुणगुणणारा डास वेगळा, तो सांडपाण्यात वाढतो. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं यावर चांगली वाट दाखवली. तिथं घरोघरी शोषखड्डे झाले, गटारं उघडी राहिली नाहीत आणि डास हटले. खड्ड्यात मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, एवढंच ते काम. आपल्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा आणि पिण्याच्या पाण्याच्या बोअर-विहिरीपासून लांब घ्यावा. संडासाच्या टाकीवर हवेचा पाइप असतो, त्याच्या तोंडालाही बारीक जाळी बांधा. त्या टाकीतही डास वाढतात, आणि नेमकं तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

ढेकणांना उकळतं पाणी पुरेसं आहे. बाज अंगणात काढा, सुंभाच्या गाठींत आणि लाकडाच्या खाचांत पाणी ओता आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा ओता, कारण अंडी चुकून राहतात. अंथरूण-पांघरूणही कडक पाण्यातून काढा. घरात माश्या होऊ नयेत म्हणून उकिरडा घरापासून दूर न्या आणि शेण रोजच्या रोज मातीखाली झाका.

धान्याला कीड लागू नये म्हणून ज्वारी कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर, सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरा. धान्यात घालायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. घरात अशा गोळ्या आधीच टाकलेल्या असतील, तर आज रात्री त्या खोलीत कुणालाही झोपू देऊ नका. शेजारच्या खोलीतही नको.