एड्सची लस आणि आपले कर्तव्य



देवीचा रोग लशीने नाहीसा झाला. मग एड्सला लस का नाही, असे खटकचिंचोळीत आम्हांस विचारतात. कारण हा विषाणू सारखे रूप पालटतो आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींतच दडून बसतो. २००५ साली पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत निरोगी स्वयंसेवकांनी देशातील पहिल्या चाचणीसाठी दंड पुढे केला. लस निर्धोक ठरली, पण पुरेशी प्रतिकारशक्ती जागी झाली नाही. थायलंडातील चाचणीचा निकाल २००९ साली लागला; संरक्षण सुमारे ३१ टक्के, तेही अपुरे. शोध चालूच आहे. तोवर सरकारी केंद्रांत मोफत मिळणारे औषध रोज घेणारा रोगी दीर्घकाळ जगतो. एका पंगतीत जेवल्याने हा रोग जडत नाही. तेव्हा त्याला पंगतीतून उठवायचे नाही, एवढे आपण आजच करू शकतो.