नित्य वाचनाचें फळ



नाशिकसारख्या क्षेत्रांत पोथीवाचन ही कांहीं अपरिचित गोष्ट नव्हे. चातुर्मासांत गोदेच्या कांठीं पुराणें होतात, घरोघर ज्ञानेश्वरीचीं पारायणें चालतात, आणि ज्याला दुसरें कांहीं साधत नाहीं तोहि हरिपाठ म्हणतो. याच नगरींत ख्रिस्ती कुटुंबांतून पवित्र शास्त्राचा एखादा अध्याय नेमानें वाचण्याचा परिपाठ आहे. ग्रंथ निराळा, पण प्रश्न एकच. जें रोज वाचलें जातें, तें मनुष्याच्या आयुष्यांत उतरतें काय? आणि उतरलें तर काय करतें?

या प्रश्नाचें उत्तर चर्चेपेक्षां उदाहरणानें बरें मिळतें. आणि असें उदाहरण शोधण्यास नाशिककरांना दूर जावें लागत नाहीं.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. विद्यार्थिदशेंत ते नाशकास आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकले. पुढें १८९३ च्या सुमारास राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें संभाषण झालें. निरोप घेतांना त्या गृहस्थानें नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं ठेवली व ती वाचण्याविषयीं आग्रह केला. टिळकांनीं पुस्तक उघडलें तें कांहीं श्रद्धेनें नव्हे, दिलेल्या शब्दाखातर. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं ते आले, आणि मग पुस्तक खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते, आणि वाचनाचा महिमा म्हणून ती सांगितलीहि जाते. परंतु नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. टिळकांच्या घरीं पत्नी होती, लहान मुलगा होता. लक्ष्मीबाईंवर ही वार्ता वीज कोसळावी तशी कोसळली. पुढें कित्येक वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. ज्या ग्रंथांत प्रेमाची आज्ञा श्रेष्ठ मानली आहे, त्याच ग्रंथाच्या वाचनानें एक घर दुभंगलें! हा विरोध लहान नव्हे. वाचणारा एकटा असतो. परंतु वाचनाची किंमत पुष्कळदां शेजारचें माणूस मोजतें. नित्य वाचनाचे गोडवे गाणारांनीं ही गोष्ट विसरूं नये.

आतां लक्ष्मीबाईंकडे पाहूं. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचें सोंवळें इतकें कडक, कीं बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां धुऊन घेतलें जाई. शाळेचा उंबरठा त्यांनीं ओलांडला नव्हता. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या हाताखालीं. अशी ही स्त्री पुढें राहुरीस पतीकडे राहावयास गेली, तरी आरंभीं तिनें आपली चूल व आपलें सोंवळें वेगळेंच ठेविलें. जातिभेदाची ती गांठ कोणाच्या वादविवादानें सुटली नाहीं. हे भेद देवानें केले कीं माणसानें, असा विचार तिनेंच केला, आणि ती आंतून मोकळी झाली. १९०० सालीं तिचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर दुष्काळानें पोरकीं केलेलीं मुलें या पतिपत्नींनीं आपल्या घरांत सांभाळलीं. जिथें मीठ धुतलें जात होतें, त्या घरच्या लेकीनें परक्या लेंकरांची आंघोळ-पांघरूण स्वतः केलें. वाचनाचें फळ म्हणावें तर हें!

९ मे १९१९ रोजीं टिळक निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें काव्य अपुरें राहिलें होतें. त्याचे दहा-अकरा अध्यायच काय ते लिहून झाले होते. शाळेंत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनीं त्यांत चौसष्ट अध्यायांची भर घातली. ज्या पुस्तकानें एके काळीं त्यांचा संसार हिरावून घेतला असें वाटलें, त्याच पुस्तकाची कथा त्यांनीं मराठी ओवींत गाइली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशकासच त्यांचा देह विसांवला.

नाशिकचेंच आणखी एक उदाहरण आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें शरणपूरच्या मिशनमध्यें शिकत असत. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा पुढें डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या चाकरींत गेला. लिव्हिंग्स्टननें आफ्रिकेच्या अरण्यांत, आजारपणांत व एकांतांत, अवघें बायबल चार वेळां वाचून काढलें होतें. १८७३ च्या मे महिन्यांत तो वारला, तेव्हां त्याचें हृदय एका झाडाखालीं पुरण्यांत आलें. आणि त्या वेळीं अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती शरणपूरच्या या विद्यार्थ्यानें. पाठ केव्हां उपयोगीं पडेल, हें पाठ घेणारास आधीं समजत नाहीं.

या उदाहरणांतून दोन-तीन गोष्टी निघतात. पहिली ही, कीं वाचन समजून झालें पाहिजे. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं हिब्रू व ग्रीक शिकून सगळ्या बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, तें याचसाठीं, कीं साध्या बायकांना अर्थ कळावा. दुसरी ही, कीं थोडें वाचावें, पण रोज वाचावें. विहिरीच्या दगडावर दोराची खांच पडते ती एका दिवसांत पडत नाहीं. तिसरी सर्वांत महत्त्वाची. किती अध्याय झाले, याची मोजदाद म्हणजे पुन्हां मीठ धुणेंच होय. वाचल्यावर शेजाऱ्याशीं बोलणें मऊ झालें कीं नाहीं, घरच्या माणसाचें दुःख आधीं दिसूं लागलें कीं नाहीं, हाच त्याचा खरा हिशेब.

कोणी गीता वाचो, कोणी गाथा वाचो, कोणी शुभवर्तमान वाचो. पुस्तक मिटल्यानंतर जो धडा सुरू होतो, तो सर्वांना एकच आहे.