डिझेल इंजिनाची पिचकारी



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर, इतिहासावर, नाटकांवर बोलणारे विद्वान येऊन जातात. आम्ही पडलो कामगार संघटनेतले. आमचे शिक्षण थोडे शाळेत आणि पुष्कळसे गॅरेजात व वाचनालयात झाले. तेव्हा आज आम्ही इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पिचकारीविषयी बोलणार, हे ऐकून कोणी उठून गेले तरी आमची तक्रार नाही. मात्र या पिचकारीशी ज्याचे पोट कुठेच बांधलेले नाही, असा माणूस जालना जिल्ह्यात सापडणे कठीण. मोंढ्यातले धान्य, अंबड-बदनापूरकडची मोसंबी, औद्योगिक वसाहतीतल्या सळया, हे सारे डिझेलच्या गाडीवर हलते. 2012-13 च्या दुष्काळात तर आपल्या घशाखाली उतरलेले पाणीही डिझेलच्या टँकरनेच आले होते.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडण्याची सोय नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तसेच सिलिंडरात हवा दाबून इतकी तापवायची, की तीत तेल पडताच ते आपोआप पेटावे. अडचण आहे ती तेल आत घालण्याची. दाबलेल्या हवेत ते घालायचे तर त्याहून मोठा दाब हवा. शिवाय धार पडून उपयोग नाही, धुके पडले पाहिजे. रुडॉल्फ डिझेलच्या 1897 च्या इंजिनात हे काम दाबलेल्या हवेच्या झोताने होई. त्यासाठी निराळा कॉम्प्रेसर लागे आणि इंजिन एवढे अवजड होई की ते गाडीवर बसवण्याची सोय नव्हती. 1927 साली बॉश कंपनीने तेलालाच दाबणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनवावयास घेतला आणि तेव्हापासून डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने रस्त्यावर व शेतावर आले.

आपल्याकडे खडकीच्या किर्लोस्करांची इंजिने विहिरींवर बसली. मिस्त्री लोक ज्याला आजही ‘मायको’चा नोझल म्हणतात, तो नाशिकच्या सातपूरला बनू लागला. या पंपाच्या पोटात मिस्त्री ज्याला एलिमेंट म्हणतो ती जोडी असते: एक दांडा आणि त्याची नळी. दोहोंमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि ती दोन-तीन भागांपलीकडे जाऊ देत नाहीत. इतके सूक्ष्म काम मराठी मुलांच्या हातून वर्षानुवर्षे झाले, याचा आम्हास अभिमान वाटतो.

आम्ही पोरसवदा असताना पंप-नोझलच्या दुकानात तासन्‌तास उभे राहत असू. पंप बाकड्यावर चढवला की समोर काचेच्या सहा नळ्या. मोटार फिरे, नळ्यांत तेल चढे, आणि सहाही नळ्यांतले तेल एका रेषेत येईपर्यंत उस्ताद पंप सोडत नसे. (कामगार चळवळीतल्या माणसाला हे दृश्य का आवडावे, ते सांगायला नको.) नोझल तपासायचा तर हाताने दट्ट्या मारायचा. चांगला नोझल कर्रकर्र आवाज करतो. उस्ताद म्हणत, ‘‘बोलतोय, बसव.’’ गाडीचा एखादा सिलिंडर काम करीनासा झाला, तर चालू इंजिनावरच एकेका पाइपाचा नट किंचित सैल करायचा; ज्याचा नट सैल करूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. कान आणि पाना, एवढ्यावर रोग कळत असे.

आता सुधारणा पाहू. 1997 च्या सुमारास युरोपातल्या मोटारींत ‘कॉमन रेल’ नावाची रचना आली. तीत पंप फक्त दाब निर्माण करतो. तेल एका जाड नळीत दाबाखाली तयार उभे असते आणि केव्हा, किती सोडायचे हे विजेच्या इशाऱ्याने ठरते. एकाच फेरीत आधी चिमूटभर, मग मुख्य हप्ता, असे तुकडे पाडून ते सोडता येते. म्हणून इंजिनाची खडखड कमी झाली, तेल बारीक फुटून पुरते जळू लागले. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे नव्या वाहनांना ‘भारत स्टेज सहा’चे निकष लागू झाले आणि 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांचेही नियम कडक झाले. डिझेलचा धूर माणसास कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच दिला होता. तो धूर सर्वांत आधी गॅरेजातल्या पोराच्या छातीत जातो. तेव्हा आम्ही या सुधारणेच्या विरुद्ध आहोत असे कोणी समजू नये.

पण दाबाचा हिशेब ऐका. जुन्या साध्या इंजिनाचा नोझल दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 200 किलो दाबाने उघडे. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटची चार पोती. नव्या रचनेत हा दाब 2000 किलो आणि त्याहून वर जातो. त्याच नखावर चाळीस पोती!

आमच्या एका सभासदाने वीस वर्षे ट्रकांचे पंप हाताळले होते. त्याच्याकडे नवी गाडी आली. त्याने नेहमीप्रमाणे इंजिन चालू ठेवून नट सैल केला. बोटाला सुई टोचल्यासारखे झाले. रक्ताचा थेंबही नाही. चिंधीने पुसून तो कामाला लागला. रात्री हात सुजला, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मोठ्या दवाखान्यात नेले, आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. डिझेल कातडीखाली शिरून आतले मांस मारीत जाते आणि वरून काहीच दिसत नाही. मालक म्हणाला, ‘‘याचाच निष्काळजीपणा.’’ आम्ही त्याच्याशी पुष्कळ भांडलो. तो मनुष्य निष्काळजी नव्हताच. उस्तादाने शिकवले तेच त्याने काटेकोर केले होते. मालकही काही गडगंज नव्हे, तीन माणसांचे दुकान. अशा दुकानाला कामगार विम्याची सक्ती साधारणतः लागत नाही. गाडीवर इशारा होता, पण तो इंग्रजीत.

म्हणून आमचे मागणे असे की, नवे यंत्र विकणाऱ्याने त्याचे शिक्षण मिस्त्रीपर्यंत, मराठीत, फुकट पोचवावे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो नव्या मुलांना उपयोगी, पण पंचेचाळिशीतल्या उस्तादाने वर्षभर दुकान बंद ठेवून वर्गात बसावे कसे? त्याच्यासाठी संध्याकाळचे वर्ग हवेत. निदान तोवर इतके तरी गॅरेजातल्या आपल्या ओळखीच्या माणसास सांगा: नव्या गाडीचा दाबाचा नट चालू इंजिनावर सोडू नये, गळती हाताने न शोधता पुठ्ठा धरून शोधावी, आणि टोचले तर, दुखत नसले तरी, त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जाऊन ‘डिझेल आत गेले आहे’ हे शब्द डॉक्टरांना सांगावेत.

आम्ही एक जुना आणि एक नवा असे दोन नोझल सोबत आणले आहेत. टेबलावर भिंगही ठेवले आहे. छिद्रे नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी पुढे यावे.