‘पास्कू’ ह्या नांवाची कुळकथा
(ज्युबिलीनिमित्त ठाणें येथें केलेलें भाषण)



आपल्या आजोबा-पणजोबांचीं नांवें आठवून पाहा : मानवेल, दुमिंग, इनास, पास्कू. ह्यांपैकीं ‘पास्कू’ हें नांव सांप्रत नव्या बाळास क्वचितच मिळतें. ज्यांस तें मिळालें होतें त्यांतले कित्येक शाळेंत जातांच ‘पास्कल’ झाले. आणि घरांत कोणी ‘पास्कू’ अशी हांक मारली तर तरुण मंडळी हंसतात. ह्या हंसण्याविषयीं आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत.

मूळ शब्द हिब्रू, ‘पेसाह’. मिसर देशांत संहारक दूत इस्राएल लोकांचीं घरें ओलांडून गेला, त्या रात्रीच्या सणाचें हें नांव. मराठी शास्त्रांत त्यास ‘वल्हांडण’ म्हटलें आहे. वल्हांडणें म्हणजे ओलांडणें. ह्याहून नेमका शब्द आम्हांस तरी सुचत नाहीं. ग्रीक भाषेंत तो ‘पास्खा’ झाला. ग्रीकांत ‘पास्खेइन’ म्हणजे दुःख सोसणें, तेव्हां पुष्कळांनीं त्याचें मूळ तेथेंच मानलें. संत आगुस्तीनानें ही समजूत खोडून काढली. योगायोग मात्र त्यासही अर्थपूर्ण वाटला. पुढें लॅटिन ‘पास्खालिस’, पोर्तुगीज ‘पास्कोआल’, आणि आपल्या तोंडीं ‘पास्कू’.

सणावरून नांव ठेवणें ह्यांत गांवढळ तें काय? आपल्या आगरी-कोळी शेजाऱ्यांत सोमवारीं जन्मलेला सोमा, बुधवारचा बुध्या. आपला दुमिंग तरी पोर्तुगीज भाषेंत रविवारच होय! स्पेन देशांत १५४० सालीं पवित्र आत्म्याच्या सणादिवशीं एका गरीब घरीं मुलगा झाला. त्या सणासही तेथें ‘पास्कुआ’ म्हणत, म्हणून त्याचें नांव पास्कुआल ठेविलें. मेंढरें राखणारा हा मुलगा पुढें फ्रान्सिस्कन बंधु झाला, आणि १५९२ सालीं त्याच सणादिवशीं वारला. तोच संत पास्कल बायलन.

आतां आपल्या ठाण्याकडे वळूं. १३२१ सालीं येथें नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, असें पोर्देनोनेच्या ओदोरिकानें नमूद केलें आहे. तोलेन्तिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती अशाच एका घरीं उतरले होते. ९ एप्रिलास त्यांतील तिघांस मरण आलें, चौथ्यास दोन दिवसांनीं. त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सण होता १९ एप्रिलास. यजमानांची उपासना सुरियानी, पाहुण्यांची लॅटिन. तेव्हां त्या छपराखालीं येऊं घातलेल्या सणाची गोष्ट निघाली असेल तर ‘पेसहा’ व ‘पास्खा’ हीं दोन सख्खीं भावंडें तेथें भेटलीं असावींत. भेट पुरी होण्यापूर्वींच पाहुणे गेले.

पुढें पोर्तुगीज आले. १७३७ सालीं मराठ्यांनीं त्यांच्यापासून ठाणें घेतलें. पोर्तुगीज गेले, पास्कू राहिला.

‘पेसहा’ही परत आला आहे. केरळांतून आलेल्या सुरियानी परंपरेच्या बांधवांसाठीं १९८८ सालीं कल्याण येथें सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. डोंबिवलींत त्यांच्यापैकीं कोणाच्या घरीं पवित्र गुरुवारीं संध्याकाळीं जाऊन पाहा. घरचा कर्ता पुरुष बिनखमिराची तांदळाची भाकर कापून लहानथोरांस वांटतो. तिला ते ‘पेसहा अप्पम’ म्हणतात. आपला पास्कू त्या पंक्तीस बसला तर त्याच्या नांवास तेथें कोणी हंसणार नाहीं. फार तर आणखी एक तुकडा वाढतील.