भाडेकरूची पारख कशी करावी ?

(विहारातील रविवारच्या सभेत नवदीक्षित कुटुंबांसमोर एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या व्यासपीठावर सहसा निघत नाही. घराच्या हक्काबद्दल आपण आजवर जे बोललो ते घर मागणाऱ्याच्या बाजूने बोललो, आणि ते योग्यच होते. परंतु आज आपल्यांपैकी काही कुटुंबांच्या हाती एखादी जास्तीची खोली किंवा सदनिका आली आहे. कोणी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या प्रॉव्हिडंट फंडातून ती घेतली, कोणाचा मुलगा परगावी नोकरीस गेल्यामुळे ती रिकामी पडली. अशा कुटुंबाच्या दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी प्रथमच लागते, आणि दुसऱ्या दिवशी चार माणसे दारात उभी राहतात. त्यांतून कोणाला निवडावे आणि कशावरून निवडावे, हा प्रश्न आपल्या आईबापांना कधी पडला नव्हता. तो आज आपल्याला पडला आहे.

या प्रश्नाला आपल्या बाबतीत एक इतिहास आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एवढ्या विद्वान पुरुषाची विद्या, नोकरी, वर्तन यांपैकी कशाचीही चौकशी त्या लोकांनी केली नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली. ही गोष्ट जुनी झाली असे म्हणण्याची सोय नाही. २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांतील भाड्याच्या घरांची पाहणी प्रसिद्ध केली. दलित आणि मुसलमान भाडेकरूंना केवळ नावावरून नकार मिळतो, हे त्या पाहणीत दिसून आले. आडनाव ऐकताच 'खोली कालच गेली' असे उत्तर ऐकलेली माणसे या सभेतही बसलेली असतील.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, पारख करणे आणि भेदभाव करणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. जो मनुष्य पारख न करता घर देतो तो आपल्या मुलाबाळांच्या पोटावर पाय देतो. जो जात विचारून घर देतो तो पारख करीतच नाही, कारण जातीवरून भाडे वेळेवर येईल की नाही हे समजत नाही. या दोन्ही चुका टाळून घर कसे द्यावे, ते आता क्रमाने पाहू.

आरंभ भाडेकरूपासून करू नका, स्वतःच्या कागदपत्रांपासून करा. घर कोणाच्या नावावर आहे ? दोघा भावांच्या नावावर असेल तर दुसऱ्याची लेखी संमती घ्या. बँकेचे कर्ज असेल तर कर्जाच्या करारात घर भाड्याने देण्याविषयी काय अट आहे ती वाचा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून मिळालेले घर ठरावीक मुदत संपेपर्यंत विकता अथवा भाड्याने देता येत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात २०२५ साली पहिल्या कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा कोणत्याही योजनेतील घर असो, वाटपपत्रातील अटी वाचल्यावाचून भाडेकरू शोधावयास निघू नका. शेजारचा देतो म्हणून आपणही द्यावे, हा युक्तिवाद न्यायालयात चालत नाही.

आता भाडेकरूकडे वळू. त्याच्याविषयी आपणांस पाच गोष्टी कळल्या पाहिजेत : तो कोण आहे, भाडे कशातून देणार, याआधी कोठे व कसा राहिला, घरात कितीजण राहणार आणि घराचा उपयोग कशासाठी करणार. याहून अधिक काही जाणण्याचा आपणांस अधिकारही नाही व गरजही नाही.

ओळख पटविण्यासाठी आधार, पॅन यांसारखे मूळ कागद समोर मागा आणि छायाचित्र समोरच्या माणसाशी ताडून पाहा. नुसत्या झेरॉक्सवर किंवा फोनवर आलेल्या चित्रावर विसंबू नका. एजंटाने 'मी ओळखतो, खात्रीचा माणूस आहे' असे सांगितले तरी स्वतः भेटल्यावाचून शब्द देऊ नका. एजंटाचे काम व्यवहार जुळला की संपते, तुमचे तेथून सुरू होते.

उत्पन्नाची चौकशी करताना पगारदाराकडून तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या पाहाव्या. मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाडे ज्याला द्यावे लागेल त्याची पुढे ओढाताण होण्याचा संभव असतो. परंतु येथे एक गोष्ट मी आपणांस कळकळीने सांगतो. रिक्षा चालविणारा, भाजी विकणारी, बांधकामावर जाणारा, यांच्याजवळ पगाराची पावती नसते. आपल्या वडिलांजवळ तरी ती कोठे होती ? पावती नाही म्हणून तो नालायक ठरत नाही. त्याच्या बँकेच्या पासबुकात नियमित जमा दिसते काय, आधीच्या घराचे भाडे त्याने वेळेवर दिल्याच्या पावत्या आहेत काय, त्याच्यासाठी जामीन राहण्यास कोणी जबाबदार माणूस तयार आहे काय, एवढे पाहिले तरी पुरे.

आधीच्या घरमालकाला विचारणे ही सर्वांत उपयोगी चौकशी आहे, आणि बहुतेक लोक ती अर्धवट करतात. हल्लीच्या घरमालकाला त्रासदायक भाडेकरू लवकर जावा असे वाटत असेल, तर तो त्याची स्तुतीच करील. म्हणून शक्य असेल तर त्याच्याही आधीच्या मालकाला विचारा. त्याचा फायदा-तोटा आता संपलेला असतो आणि तो खरे बोलतो. विचारावयाचे ते नेमके विचारा : भाडे कोणत्या तारखेस येत असे ? घर सोडताना वीजबिल बाकी होते काय ? घर कोणत्या स्थितीत परत मिळाले ? 'माणूस कसा आहे' असे मोघम विचारले तर उत्तरही मोघमच मिळते.

हे सर्व प्रश्न एका कागदावर लिहून ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारा. एकाला पाच प्रश्न आणि दुसऱ्याला पंधरा, असे झाले की आपल्या मनात कोठेतरी तराजू वाकला आहे असे समजा. जो प्रथम आला व ज्याची पाचही उत्तरे समाधानकारक ठरली, त्याला घर द्या.

आता जे विचारू नये त्याविषयी. जात विचारू नका. आडनावावरून गाव आणि गावावरून वस्ती काढण्याची जी आडवळणी पद्धत आहे तिचा अवलंब करू नका. धर्म, ताटातील अन्न, एकट्या स्त्रीचे लग्न का झाले नाही, या चौकशा आपल्या दारात होता कामा नयेत. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ अन्वये, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो. आपल्यांपैकी जे अनुसूचित जातींतून बौद्ध झाले त्यांचाही समावेश १९९० पासून अनुसूचित जातींत झालेला आहे, हे ध्यानात ठेवा.

तथापि वकील म्हणून मी आपणांस अर्धे सत्य सांगणार नाही. संविधानाचा १५ वा अनुच्छेद धर्म, जात, लिंग इत्यादींवरून भेद करण्यास राज्यसंस्थेला मनाई करतो. खाजगी घरमालकाने धर्मावरून किंवा आहारावरून नकार दिला तर त्याला थेट शासन करील असे स्पष्ट कलम दाखविणे अवघड आहे. येथे कायद्याचा हात तोकडा पडतो. मग प्रश्न असा उरतो की, ज्या ठिकाणी शिक्षेचे भय नाही तेथे आपण कसे वागणार ? आपल्याला नकार देणारा घरमालकही पुष्कळ वेळा शिक्षेच्या भयापासून मुक्तच होता. त्याच्या खुर्चीवर आज आपण बसलो आहोत.

याच संदर्भात एक मोह सांगितला पाहिजे. 'आपल्या माणसाला कोणी घर देत नाही, म्हणून आपण आपल्याच माणसाला द्यावे' असे पुष्कळांना वाटते. या भावनेमागील वेदना मी जाणतो. आपल्या समाजातील होतकरू विद्यार्थी किंवा परिचारिका दारात आली तर तिला अवश्य घर द्या. पण इतरांसाठी दार बंद करून नव्हे, आणि चौकशी व कागद गाळून तर नव्हेच. आमच्या व्यवसायात एक प्रकारची तक्रार वारंवार येते. ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर घर दिले, दोन वर्षांनी भाडे थांबले, आणि 'आपल्याच माणसाकडे कागद कसा मागावा' या संकोचामुळे हाती काहीच पुरावा नाही. घर तर अडकतेच, शिवाय विहारात समोरासमोर येणारी दोन कुटुंबे एकमेकांकडे पाहीनाशी होतात. कागद केला असता तर दोन्ही वाचले असते. कागद मागणे हा अविश्वास नव्हे. दोघांनी दिलेला शब्द दोघांच्याही स्मरणात राहावा म्हणून तो असतो.

सोसायटीकडून दडपण आले तर काय करावे ? 'अमक्या लोकांना देऊ नका' असे सेक्रेटरी तोंडी सांगतात, लिहून मात्र देत नाहीत. आपण त्यांना नम्रपणे सांगावे की, ही सूचना लेखी द्या. बहुधा विषय तेथेच संपतो. आपले कर्तव्य एवढेच की सोसायटीला घर दिल्याची लेखी सूचना व कराराची प्रत द्यावी आणि थकबाकी ठेवू नये. घरात स्वतः न राहिल्याबद्दलचा आकार सेवा शुल्काच्या शेकडा दहाहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे.

कराराविषयी महाराष्ट्रात एक गैरसमज घट्ट रुजला आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असे लोक समजतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याला नोंदणी आवश्यक आहे, त्यावरून ही समजूत निघाली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, आणि त्याच्या कलम ५५ ने भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स असो, मुदत कितीही असो, तो लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद उत्पन्न झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच ग्राह्य धरले जाते. याउलट रीतसर लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो व मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट आकार मिळण्याचा हक्क राहतो. ही नोंदणी आता घरबसल्या संगणकावरूनही होते.

करारात भाडे, अनामत रक्कम, मुदत, वीजबिल व देखभाल खर्च कोणी द्यावयाचा, घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, एवढे स्पष्ट लिहा. अनामत घेतल्याची पावती द्या. पंखे, दिवे, नळ यांची यादी करून दोघांनी सह्या करा. मुंबईसारख्या शहरांत भाडेकरूची माहिती पोलिसांना कळविण्याचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. ती माहिती अवश्य कळवा ; पण माहिती कळविली म्हणजे पोलिसांनी त्याच्या चारित्र्याची हमी घेतली, असे समजू नका. चौकशी आपली आपणच करावयाची.

भाडे थकले तर पाणी तोडणे, वीज बंद करणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे यांपैकी काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडण्यास त्याच अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केली असून तो गुन्हा आहे. पाणी तोडणे म्हणजे काय, हे महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांच्या घरात सांगितला जातो त्यांना मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. लेखी नोटीस द्या आणि कायद्याच्या मार्गाने जा.

ज्यांना घर देता आले नाही त्यांच्याविषयी एक शब्द. नकार द्यावा लागला तर तो त्याच दिवशी द्या आणि खरे कारण सांगून द्या. 'आपल्या आधी आलेल्याला दिले' किंवा 'जामीन मिळाला नाही म्हणून देता येत नाही' असे ऐकून मनुष्य निराश होतो, परंतु अपमानित होत नाही. त्याच्या कागदांच्या प्रती त्याला परत करा अथवा फाडून टाका, इतरांना दाखवू नका.

बाबासाहेबांनी परळच्या पोयबावडीच्या चाळीत दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून कित्येक वर्षे काढली, आणि पुढे दादरला 'राजगृह' बांधले. भाड्याची खोली आणि स्वतःचे घर या दोहोंमधील अंतर आपल्या अनेक कुटुंबांनीही ओलांडले आहे. ते ओलांडताना ज्या प्रश्नांनी आपल्याला दारातून परत फिरविले ते प्रश्न आपल्या दारात कोणाला विचारले जाऊ नयेत, आणि जे विचारलेच पाहिजेत ते विचारण्यास आपण संकोच करू नये, एवढेच माझे आजचे मागणे आहे. कोणाला करार वाचून घ्यावयाचा असेल तर सभेनंतर मी येथेच थांबणार आहे. सही करण्यापूर्वी या. सही झाल्यावर आलात तर माझा उपयोग निम्माच राहतो.

जय भीम.