सदसद्विवेक, शिस्त आणि दुसऱ्या पसंतीची मते
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की राजधानीतील भाषा एकाएकी सात्त्विक होते. एरवी परमिट, लायसेन्स आणि मंत्रिपदे यांपलीकडे न पाहणारी मंडळी ‘पक्षातीत व्यक्तिमत्त्व’, ‘घटनेचे पावित्र्य’, ‘सदसद्विवेक’ असे शब्द उच्चारू लागतात. हे शब्द कोण, कोणत्या वेळी आणि कशासाठी वापरतो, हे तपासायचे असेल तर १९६९ च्या निवडणुकीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. त्या वेळी रिंगणातील प्रत्येक बाजूने तत्त्वाचा झेंडा खांद्यावर घेतला होता, आणि जवळजवळ प्रत्येकाचा हात मात्र दुसऱ्याच कशात तरी गुंतलेला होता.

डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसची बैठक भरली. तेथे इंदिरा गांधींची आर्थिक टिपणी संमत झाली. बँकांचा प्रश्न ऐरणीवर आला. आणि त्याच बंगळुरात, त्याच दिवसांत, निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील व मोरारजी देसाई यांच्या गटाने, म्हणजे ज्याला ‘सिंडिकेट’ म्हणत त्याने, नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने पुढे रेटले. पंतप्रधानांना जगजीवनराम हवे होते. यशवंतराव चव्हाणांचे मत तेथे रेड्डींच्या पारड्यात पडले. पुढे पक्ष फुटला तेव्हा तेच चव्हाण इंदिरा गांधींच्या बाजूला राहिले. एका हाताने पुरोगामी ठराव आणि दुसऱ्या हाताने तो ठराव ज्याच्या सहीवाचून कायदा होणार नाही, अशा जागी आपला विश्वासू माणूस, ही सिंडिकेटची खरी योजना होती.

पुढच्या घटना झपाट्याने घडल्या. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या या बँका होत्या. टाटा-बिर्लांच्या नावाशी जोडलेल्या बँकांपासून पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रपर्यंत. त्या वटहुकमावर सही करून गिरींनी दुसऱ्या दिवशी पद सोडले आणि ते अपक्ष उमेदवार म्हणून उभे राहिले. दोन्ही कम्युनिस्ट पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. या क्षणापासून निवडणुकीचा विषय व्यक्ती नव्हती. देशातील ठेवींवर ताबा कोणाचा, हा होता. परंतु प्रचारात हा विषय उघडपणे बोलण्याचे धैर्य विरोधकांना झाले नाही. त्यांनी शिस्त आणि लोकशाही यांचे पांघरूण घेतले.

प्रथम रेड्डींचे पाहावे. १९६७ साली लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काँग्रेसच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला होता. अध्यक्ष निःपक्षपाती असला पाहिजे, हा त्यामागील विचार. त्याबद्दल त्यांचे कौतुकही झाले. दोन वर्षांतच ते अध्यक्षपद सोडून त्याच पक्षाच्या एका गटाचे उमेदवार झाले. निःपक्षपातीपणाचे वस्त्र खुर्चीबरोबरच उतरले! त्यांच्यासाठी पक्षशिस्तीचा दंडुका उगारणारे काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा काय करीत होते? ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांच्या नेत्यांना भेटून दुसऱ्या पसंतीच्या मतांची याचना करीत होते. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत ज्या पक्षाला जातीयवादी म्हणून शिव्या द्यायच्या आणि ज्याला धनिकांचा पक्ष म्हणून हिणवायचे, त्यांच्याच दारी हे गृहस्थ मतांसाठी गेले. आणि स्वतःच्या खासदाराने गिरींना मत दिले तर तो मात्र शिस्तभंग! राष्ट्रपतीची निवड गुप्त मतदानाने होते, हे घटनेत लिहिलेले आहे. त्या गुप्ततेचा अर्थ काय, हे काँग्रेस अध्यक्षांना ठाऊक नव्हते असे नव्हे.

परंतु ढोंगाचा अधिक सुबक नमुना पाहायचा तर चिंतामणराव देशमुखांच्या उमेदवारीकडे वळले पाहिजे. मराठी माणसाला हे नाव परके नाही. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले, आय. सी. एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली, ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील कोणताही जुना कार्यकर्ता आदराने सांगेल. व्यक्ती म्हणून त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांना उभे करणाऱ्यांचा आहे.

स्वतंत्र पक्षाचा आणि जनसंघाचा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध होता. वटहुकमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेणारे रुस्तम कूपर हे स्वतंत्र पक्षाचेच. राष्ट्रीयीकरण म्हणजे मालमत्तेच्या हक्काचा खून, व्यक्तिस्वातंत्र्याचा अंत, अशी त्यांची आरोळी. आणि या आरोळीच्या ऐन मध्यावर त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी निवडले कोणाला? ज्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १ जानेवारी १९४९ रोजी, रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. ज्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात १९५५ साली इंपीरिअल बँकेची स्टेट बँक झाली. आणि ज्यांनी जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करून २४५ विमा कंपन्या व सोसायट्या सरकारी ताब्यात आणल्या, त्या देशमुखांना! आयुर्विमा महामंडळ हे ज्यांचे कर्तृत्व, त्यांचे नाव राष्ट्रीयीकरणाच्या शत्रूंनी मिरवावे, यात त्यांना काही विसंगती वाटली नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. त्यांना देशमुखांचे धोरण नको होते, देशमुखांची प्रतिष्ठा हवी होती. प्रामाणिक विद्वानाच्या नावाने पहिल्या पसंतीची मते एकत्र बांधायची आणि ती मोळी दुसऱ्या पसंतीच्या वाटेने सिंडिकेटच्या अंगणात उतरवायची, एवढेच त्या नावाचे काम होते.

हा केवळ आरोप नव्हे. आकडे साक्ष देतात. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. देशमुख व इतर लहान उमेदवार बाद होऊन त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली गेली, तेव्हा गिरींना १८,५६२ मिळाली आणि रेड्डींना ९१,८७९. म्हणजे वाटल्या गेलेल्या दर पाच मतांपैकी चारांहून अधिक सिंडिकेटच्या उमेदवाराकडे गेली. यात आणखी एक विडंबना दडलेली आहे. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून ज्यांनी जिवाचे रान केले ते स. का. पाटील सिंडिकेटचे एक आधारस्तंभ होते. आणि मुंबईसाठी राजीनामा देणाऱ्या देशमुखांच्या नावावरची मते त्यांच्याच उमेदवाराच्या कामी आली.

तरीही गिरी निवडून आले: ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. आवश्यक मतांपेक्षा फक्त १,९०८ अधिक. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते; म्हणजे तीन-चार खासदारांच्या मतांनी हा उंबरठा ओलांडला गेला.

आता विजयी बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. तो टाळणे हेही एक सोंगच ठरेल. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधान इंदिरा गांधींची सही होती. सही करताना सदसद्विवेक जागा नव्हता आणि मतदानाच्या तोंडावर तो जागा झाला, असे मानणे कठीण आहे. रेड्डी नकोत हे त्यांना बंगळुरातच उघड सांगता आले असते. त्यांनी आधी सही केली, मग व्हिप काढण्यास नकार दिला आणि अखेर विवेकाला स्मरून मत द्या असे आवाहन केले. राजकीय डाव म्हणून तो यशस्वी झाला. नोव्हेंबरमध्ये सिंडिकेटने त्यांना पक्षातून काढले आणि काँग्रेस दुभंगली. रेड्डींच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे निनावी पत्रक संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये फिरवले गेले, तो प्रकार तर निंद्यच होता. निवडणुकीविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली फेटाळला; त्या सुनावणीत राष्ट्रपती असतानाच गिरींनी स्वतः साक्ष दिली. पण पत्रक काढणाऱ्यांची नीती त्यामुळे धुऊन निघत नाही. बँका जनतेच्या मालकीच्या करण्याच्या लढ्याला असल्या कागदाची गरज नव्हती.

शब्दांची किंमत किती झटपट उतरते, हे १९७७ साली दिसले. ज्या रेड्डींना आठ वर्षांपूर्वी काँग्रेसच्या एका भागाने प्रतिगाम्यांचे प्यादे ठरवले होते, त्यांचेच नाव जनता पक्षाने पुढे केले, आणि काँग्रेसनेही विरोधी उमेदवार दिला नाही. ३७ अर्जांपैकी ३६ फेटाळले गेले आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले. १९६९ चे आरोप खरे होते की १९७७ ची संमती खरी, हे त्या पक्षाने कधी सांगितले नाही.

राहता राहिले गिरी. त्यांना पाठिंबा देणे योग्य होते; त्यांच्या नावामागे कामगार चळवळीची खरी पुण्याई होती. अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, १९२८ च्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या संपाचे ते नेते होते. १९५४ साली सरकारने बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात फेरफार केला म्हणून त्यांनी केंद्रीय मजूरमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पंधरा वर्षांनी त्याच बँकांच्या राष्ट्रीयीकरणावर त्यांची सही पडली. पण मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला तेव्हा राष्ट्रपती भवनात तेच होते. हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांना बडतर्फ केले गेले, त्यांच्या कुटुंबांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. राष्ट्रपतीचे हात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असतात, हे खरे. परंतु मजूरमंत्र्याचे हातही १९५४ साली बांधलेलेच होते, आणि तेव्हा गिरींनी पद सोडले होते. खरगपूरच्या संपकऱ्यांचा नेता या वेळी पदावर राहिला, आणि २७ मेला संप मागे घ्यावा लागला.

२४ ऑगस्ट १९७४ रोजी गिरींची मुदत संपली. संपात नोकरी गमावलेल्या रेल्वे कामगारांना परत घेण्याचा निर्णय १९७७ साली, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये संजीव रेड्डींनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली.